डेलावेअरची गोल हद्द

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, फिलाडेल्फियाच्या थोडे खाली, डेलावेअर नावाचे एक चिमुकले राज्य आहे. जिल्हे फक्त तीन. नकाशात पाहिले तर त्याची पश्चिमेची बाजू पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ, आणि डोक्यावर मात्र पालथ्या वाटीचा काठ असावा तशी गोल. माझी लेक आणि जावई याच राज्यातल्या न्यूअर्क गावात राहतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा भिंतीवरचा तो नकाशा पाहून पहिल्याच दिवशी माझे डोळे त्या गोल काठावर अडकले. रत्नागिरी जिल्ह्यात भूकरमापक म्हणून मी नोकरी केली आहे. हद्द नदीमुळे वळते, डोंगराच्या धारेने वळते, कोकणातला गडगा तर आंब्याच्या एका झाडासाठीही वळसा घेतो. पण कंपासपेटीतला परकार जमिनीवर ठेवून फिरवावा अशी हद्द मी कोणत्याच गावाच्या नकाशावर पाहिली नव्हती.

मोजणीला गेलो की एक प्रश्न हटकून यायचा. “साहेब, नकाशात रेघ सरळ आहे, मग बांध वाकडा कसा?” कधी उलटे. बांध सरळ दिसायचा आणि नकाशात रेघ मोडलेली असायची. दोन्ही बाजूंचे लोक उन्हात उभे असायचे, दोघांच्याही घरी जेवणे खोळंबलेली असायची. या प्रश्नाचे मोठ्यातले मोठे उदाहरण पाहायला मिळेल म्हणून मी जावयांना म्हटले, मला मॉल दाखवू नका, ही हद्द दाखवा.

तिचा मध्यबिंदू न्यू कॅसल या जुन्या गावात आहे. नदीकाठचे शांत गाव, दगडी फरसबंदीचे रस्ते, विटांची बुटकी घरे. मधोमध जुने न्यायालय, आणि त्याच्या छपरावर छोटा घुमटीवजा मनोरा. तोच वर्तुळाचा मध्य. इंग्लंडच्या राजाने 1681 मध्ये विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या गृहस्थाला पेनसिल्व्हेनियाची सनद दिली, तेव्हा तिची हद्द न्यू कॅसलपासून बारा मैलांच्या वर्तुळाने सांगितली. पुढच्याच वर्षी राजाच्या भावाने, ड्यूक ऑफ यॉर्कने, न्यू कॅसल आणि भोवतालचा बारा मैलांचा मुलूखही पेनला लिहून दिला. पेन तिथे उतरला तेव्हा त्याला ताबा कसा दिला? किल्ल्याची किल्ली, गवतासकट मातीचे ढेकूळ, त्यावर एक डहाळी, आणि भांड्यात नदीचे पाणी. आपल्याकडे कब्जेपट्टीवर सह्या घेतात, त्याचे हे जुने रूप.

दस्त लिहिणाऱ्यांनी लंडनमध्ये बसून लिहिले, आणि तिथेच घोळ झाला. सनदेप्रमाणे ते वर्तुळ चाळिसाव्या अक्षांशाला जाऊन मिळायला हवे होते. प्रत्यक्षात चाळिसावा अक्षांश न्यू कॅसलच्या उत्तरेला वीस मैलांहूनही लांब आहे. बारा मैलांचे वर्तुळ तिथवर पोचणार कसे? दक्षिणेला मेरीलँड होते, ते कॅल्व्हर्ट घराण्याचे. त्या घराण्याच्या प्रमुखाला लॉर्ड बाल्टिमोर म्हणत. पेन आणि कॅल्व्हर्ट या दोन घराण्यांत ऐंशी वर्षे वाद चालला. एकाच शेतकऱ्याकडे दोघांचे लोक कर मागायला येत. 1730 च्या दशकात तर बंदुका चालल्या, घरे जळाली.

कोर्टात काय काय मुद्दे निघाले ते वाचून मला आपली माणसे आठवली. बारा मैल म्हणजे त्रिज्या की वर्तुळाचा परीघ? परीघ म्हटले तर त्रिज्या दोन मैलांचीही भरत नाही, म्हणजे पेनची जमीन गेलीच. बरे, त्रिज्या मानली, पण मोजायची कुठून? गावाचा मध्य कुठला? आणि शेवटी, मोजायची कशी? साखळी जमिनीच्या चढउताराला चिकटवून न्यायची की ताणून आडवी धरायची? चढउताराने मोजले तर बारा मैल लवकर संपतात आणि वर्तुळ लहान होते, म्हणून कॅल्व्हर्टची माणसे त्या बाजूची. लॉर्ड हार्डविक या न्यायाधीशाने 1750 मध्ये त्रिज्याच धरायची असे ठरवले, आणि पुढच्या वर्षी साखळी आडवी धरायची हेही सांगितले. कोकणातल्या वरकस जमिनीत साखळी आडवी धरून, टोकाला ओळंबा सोडून जो मोजतो, तो नकळत हार्डविकसाहेबांचाच निकाल पाळतो.

साखळीवरून एक सांगायला हवे. तिथली साखळी गुंटर नावाच्या इंग्रज गणितीने 1620 च्या सुमारास ठरवलेली, 66 फुटांची, शंभर कड्यांची. आपली मुंबई इलाख्याची साखळी बरोबर तिच्या निम्मी, 33 फुटांची, सोळा आण्यांची. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्यांच्या दहा चौरस साखळ्यांचाही एकरच होतो. सातासमुद्रापलीकडे जाऊन आकडे असे जुळलेले पाहिले की परक्या मुलखात नातेवाईक भेटल्यासारखे वाटते.

आता मूळ प्रश्न. साखळी ताणली की ती सरळच होते. तिने वर्तुळ कसे आखायचे? 1701 मध्ये टेलर आणि पिअर्सन या दोन मोजणीदारांनी उत्तरेचा काठ पहिल्यांदा आखला. न्यू कॅसलहून बारा मैल मोजून गेले, तिथून थोडे अंतर सरळ चालले, मग जरासे वळले, पुन्हा सरळ, पुन्हा वळले. वाटेतल्या झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीने खाचा केल्या. म्हणजे वर्तुळ नव्हेच, लहान लहान सरळ तुकड्यांची माळ. आणि यात फसवणूक काही नाही. बारा मैल त्रिज्येच्या वर्तुळात हजार फुटांचा सरळ तुकडा टाकला तर तो खऱ्या गोलाईपासून मध्यभागी जेमतेम दोन फूट दूर राहतो.

ज्यांनी हरममध्ये नमाज पढली आहे त्यांना हे चटकन कळेल. काबागृहाच्या जवळची सफ उघड उघड गोल असते. मागे मागे जावे तशी ती सरळ दिसू लागते. आमच्या गावच्या मस्जिदीतली सफ तर दोरी धरून आखलेली, अगदी सरळ. पण तीही त्याच गोलाचा एक लहानसा तुकडा आहे, इतकेच की तिचा मध्य साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर लांब आहे.

पुढे झाडे गेली, खाचा गेल्या. 1892 मध्ये हॉजकिन्स या सरकारी मोजणी अधिकाऱ्याने नव्याने मोजणी केली तेव्हा जुनी हद्द एकाच मध्यबिंदूपासून निघालेली नाही हे दिसून आले. काही ठिकाणी ती बारा मैलांच्या आत, काही ठिकाणी बाहेर. मग त्याने काय करावे? सनदेवरहुकूम नवे निर्दोष वर्तुळ काढावे? त्याने तसे केले नाही. लोक दोनशे वर्षे ज्या हद्दीला हद्द मानत आले होते तिच्या जमेल तितके जवळून जाणारे, वेगवेगळ्या त्रिज्यांचे तुकडे जोडलेले वळण त्याने आखले आणि दगड बसवले. आजची हद्द ती आहे. मला विचाराल तर हे काम पाहून त्या माणसाला सलाम करावासा वाटला. आकडे बिनचूक करण्याच्या नादात नांदती घरे इकडची तिकडे करणारे मोजणीदार मी पाहिले आहेत.

हे दगड पाहायला आम्ही व्हाइट क्ले क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या रानात गेलो. पायवाट चांगली, झाडी दाट. या भागात तीन राज्ये एकमेकांना भिडतात. आणि इथेच त्या दस्तांतल्या घोळाची सर्वांत गमतीची खूण आहे. मेरीलँडची हद्द खालून सरळ वर येते. वर्तुळ उजवीकडे वळून निघून जाते. पेनसिल्व्हेनियाची हद्द वरून आडवी जाते. तिघांच्या मध्ये पाचरीच्या आकाराचा सुमारे एक चौरस मैलाचा तुकडा उरला. मेरीलँडचा नाही, कारण त्यांच्या रेघेच्या पूर्वेला. डेलावेअरचा नाही, कारण बारा मैलांच्या बाहेर. पेनसिल्व्हेनियाचा म्हणावा तर त्यांच्या रेघेच्या दक्षिणेला. लोक त्याला ‘वेज’, म्हणजे पाचर, असेच म्हणतात. 1921 मध्ये तो रीतसर डेलावेअरला मिळाला. आपल्याकडे गटांच्या मध्ये असे बेवारशी तुकडे उरतात, पण त्यांचा निकाल लागायला दीडशे वर्षे लागल्याचे मी तरी ऐकले नाही. फार तर पन्नास.

वर्तुळाची दुसरी बाजू नदीत जाते, आणि नदी ओलांडून पार न्यू जर्सीच्या काठाला टेकते. एरवी दोन राज्यांमधली नदी निम्मी निम्मी असते. इथे वर्तुळाच्या आतले सगळे पात्र डेलावेअरचे. न्यू जर्सीने सर्वोच्च न्यायालयात भांडून पाहिले. 1934 मध्ये निकाल डेलावेअरच्या बाजूने लागला, आणि 2008 मध्ये पुन्हा लागला. नदीतला गाळ काढून न्यू जर्सीच्या काठाला टाकला, त्यातून जमीन तयार झाली, आणि ती जमीन डेलावेअरची ठरली. माणूस न्यू जर्सीत उभा राहून चार पावले चालला तर पाण्यात पाय न भिजवता दुसऱ्या राज्यात जातो.

एवढी गोल हद्द पाहिल्यावर वाटते, बाकीच्या तरी सरळ असतील. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यामधली पूर्व-पश्चिम हद्द नकाशात आडवी, एकदम सरळ आहे. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोन इंग्रजांनी ती 1763 ते 1767 या काळात आखली. अमेरिकेत शाळेतल्या पोरालाही मेसन-डिक्सन रेषा माहीत असते. पण ही रेघ सरळ नाही.

कशी ते सांगतो. करारात होते की फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण टोकापासून पंधरा मैल खाली जो अक्षांश येतो, ती हद्द. तो निघाला 39 अंश 43 मिनिटांवर. आता समजा आपण त्या अक्षांशावर उभे आहोत आणि तोंड बरोबर पश्चिमेला केले. दुर्बिणीतून नाकासमोर पाहत, एकेक झेंडी लावत, जराही न वळता चालत गेलो, तर आपण अक्षांशावर राहतो का? नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे नाकासमोरची रेघ हळूहळू दक्षिणेला उतरते. एका मैलात साडेसहा इंच. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण अंतर दुप्पट झाले की फरक चौपट होतो. दहा मैलांत तो पंचावन्न फूट होतो. मेसन आणि डिक्सन 233 मैल गेले. न वळता गेले असते तर शेवटी साडेपाच मैलांहून जास्त खाली, मेरीलँडच्या पोटात जाऊन बसले असते. अक्षांशावर राहायचे असेल तर सतत किंचित उजवीकडे वळत राहावे लागते. म्हणजे नकाशावर जी सरळ ती जमिनीवर वाकडी, आणि जमिनीवर जी सरळ ती नकाशावर वाकडी.

त्यांनी केले ते असे. साधारण साडेअकरा मैलांचा टप्पा नाकासमोर सरळ जायचे, पण सुरुवातच अशा कोनात करायची की टप्पा संपताना पुन्हा अक्षांशावर यावे. मग त्या सरळ रेघेपासून ठिकठिकाणी लंब काढून खरी हद्द कुठे आहे ते मांडायचे. टप्प्याच्या मध्यावर हा लंब अठरा फुटांच्या आसपास भरतो. टप्पा संपला की तंबू ठोकायचा, सहा फुटी दुर्बिणीने रात्रीमागून रात्री तारे पाहायचे, अक्षांश तपासायचा, पुढचा टप्पा धरायचा. लंब काढणे हे आमचे शंकू-साखळीचेच काम. फक्त आमच्याकडे कारण वाकडा बांध असायचा, त्यांच्याकडे वाकडी पृथ्वी.

न्यूअर्कच्या मस्जिदीत पहिल्यांदा गेलो तेव्हा हाच विषय दुसऱ्या बाजूने भेटला. मक्का 21 अक्षांशावर, न्यूअर्क 39 वर. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर मक्का आग्नेयेला दिसते. पण मस्जिदीत तोंड होते ईशान्येला, उत्तरेपासून सुमारे 57 अंशांवर. जावयांनी सांगितले की पाहुणे नेहमी विचारतात. उत्तर तेच आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर न्यूअर्कहून मक्केकडे जाणारी दोरी आधी ईशान्येलाच निघते. रत्नागिरीहून ताणली तर पश्चिमेच्या तेरा अंश उत्तरेला निघते. आपल्या विद्वानांनी या हिशेबात हजार वर्षांपूर्वी हयात घालवली. अल-बिरूनी यांनी 1025 मध्ये स्थळांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर मोठा ग्रंथ पुरा केला, त्यात गझनीचा किब्ला काढणे हा एक हेतू होता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातली मोठी मस्जिद तर रस्त्यांच्या चौकडीला सोडून 29 अंशांनी फिरवून बांधली आहे. आजूबाजूच्या सगळ्या इमारती रस्त्याच्या रेघेत, ही एकटी आपल्या रेघेत.

मेसन-डिक्सन हद्दीवर दर मैलाला एक दगड आहे. इंग्लंडहून जहाजाने आणलेला चुनखडीचा घडीव दगड, एका अंगाला पेनसिल्व्हेनियाचा ‘पी’, दुसऱ्या अंगाला मेरीलँडचा ‘एम’. दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची चिन्हे कोरलेला. पुढे डोंगर लागले, गाड्या चढेनात, तेव्हा मातीचे आणि दगडांचे ढीग रचले. आजच्या उपकरणांनी पाहिले तर हे दगड काही ठिकाणी अक्षांशापासून शेकडो फूट सरकलेले आहेत. मग खरी हद्द कोणती, अक्षांश की दगड? दगड. दोघांनी मान्य करून एकदा बसवला, लोक त्याप्रमाणे वागले, की कागदावरचे शब्द मागे पडतात. म्हणून बांध सरळ की वाकडा या प्रश्नाला माझे उत्तर नेहमी एकच असे. दोन दगडांच्या मध्ये सरळ, आणि दगड जिथे वळतील तिथे वाकडा. भांडण रेघेचे नसते, दगडाचे असते.

आणि दगड हलवता येतो. रात्रीतून हलतो. आमच्या भागात एका वाडीतले दोन सख्खे भाऊ ईदला एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत, कारण गडग्याच्या टोकाचा दगड दीड हात पुढे आला आहे असे एकाचे म्हणणे. महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात हद्दीची निशाणी बिघडवणाऱ्याला दंड आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर जमिनीच्या खुणा बदलणाऱ्यावर अल्लाहची लानत असल्याचे सांगितले, हजरत अली (रजि.) यांनी ते नोंदवले आहे. वीतभर जमीन हडपणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती सांगणारे सहाबी हजरत सईद बिन जैद (रजि.). त्यांच्यावरच एका बाईने जमीन बळकावल्याचा दावा लावला, तेव्हा त्यांनी ही हदीस सांगितली आणि जमीन तिला सोडून दिली.

हद्द सरळ की वाकडी यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते हे मला डेलावेअरमध्ये जितके जाणवले तितके नोकरीत जाणवले नव्हते. 1730 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुंदू भागातला अयूबा सुलेमान दियालो हा धर्मपंडितांच्या घराण्यातला हाफिज गुलाम म्हणून विकला गेला. खरे सांगायचे तर तो स्वतः वडिलांच्या सांगण्यावरून दोन गुलाम विकायला नदीकाठी गेला होता, परतताना शत्रूंनी त्यालाच धरले आणि त्याच जहाजावर विकले. मेरीलँडला आणल्यावर तो रानात जाऊन नमाज पढायचा, तर एक गोरे पोर त्याच्या तोंडावर माती फेकायचे. 1731 मध्ये तो पळाला आणि डेलावेअर उपसागराकाठच्या केंट जिल्ह्यात पकडला गेला. त्या जिल्ह्यावर तेव्हा पेन आणि कॅल्व्हर्ट दोघेही हक्क सांगत होते. हद्द कोणाचीही असो, परवाना नसलेल्या काळ्या माणसाला तुरुंग दोन्हीकडे सारखाच होता. तुरुंगात ब्लुएट नावाचा वकील त्याला भेटला. अयूबाने अरबीत काही ओळी लिहून दाखवल्या, त्यात अल्लाह आणि मुहम्मद ही नावे उच्चारली, तेव्हा तो कोण हे लोकांना कळले. पुढे त्याने वडिलांना लिहिलेले अरबी पत्र लंडनला पोचले, 1733 मध्ये तोही तिथे पोचला, तिथे त्याने कुरआन पाठांतरातून तीन वेळा लिहून काढला आणि 1734 मध्ये अल्हम्दुलिल्लाह तो आफ्रिकेत परतला.

त्यानंतर तीस वर्षांनी मेसन-डिक्सनची रेघ आली. 1780 मध्ये पेनसिल्व्हेनियाने गुलामी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला, खाली मेरीलँड आणि डेलावेअरमध्ये ती चालूच राहिली. डेलावेअरमध्ये तर थेट डिसेंबर 1865 पर्यंत. दोन घराण्यांचे करवसुलीचे भांडण मिटवायला आखलेली रेघ अशी माणसांच्या सुटकेची रेघ झाली. 1849 मध्ये हॅरिएट टबमन मेरीलँडहून पळून ती ओलांडून गेली, आणि नंतर परत परत येऊन दुसऱ्यांना घेऊन गेली. 1850 च्या कायद्याने रेघेपलीकडून पकडून आणणे आणखी सोपे केले, तेव्हा तेवढाही आधार राहिला नाही, कॅनडा गाठावे लागले.

मेसन आणि डिक्सन यांना ही रेघ पुरी करता आली नाही. ऑक्टोबर 1767 मध्ये ते डंकर्ड क्रीक या ओढ्यापाशी आले. त्यांच्याबरोबर वाट दाखवायला मूळ रहिवाशांच्या सहा जमातींचे लोक होते. तिथे एक पायवाट रेघेला छेदून जात होती, लढाईला जाण्याची त्यांची जुनी वाट. प्रमुखाने सांगितले, आम्हाला इथपर्यंतच यायला सांगितले आहे. या वाटेवर दगड नव्हता, खाच नव्हती, कोणत्या दस्तात तिचा उल्लेख नव्हता. साहेबांनी 233 मैल आणि 17 साखळ्या अशी नोंद केली, शेवटचा ढीग रचला आणि तंबू आवरले.